ओसरी : घरात कोणती तबकडी लावावी?

दसरा उलटला की माजलगाव, वडवणी, धारूर या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर घरे निम्मी रिकामी होऊ लागतात. सिंदफणेवर धरण झाले, तालुक्यात ऊस उभा राहिला, तरी बीड जिल्ह्यातून लाखो माणसे आजही पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. कर्ती माणसे कोयता घेऊन निघाली की मागे उरतात आजी, आजोबा आणि शाळेची पोरे. ज्यांच्या घरचे कोणी तोडीला जात नाही, त्यांच्याकडेही वेगळी कथा नसते. दिवसभर ऊस, कापूस, हरभरा. रात्री पाळीची वीज आली की मोटारीवर खेप. मग पोरांना सांभाळायचे कोणी? कोपऱ्यातला टीव्ही नाहीतर हातातला मोबाईल. "पोरे गप बसली ना, झाले तर मग," असे आपण म्हणतो आणि कामाला लागतो.

वाचकहो, पोरे गप बसली हे खरे, पण ती काय बघत बसली हे कोणी पाहिले? बियाणे घेताना आपण पिशवीचा टॅग वाचतो, दुकानदाराची पावती मागतो, शेजाऱ्याला मागच्या वर्षीचा अनुभव विचारतो. घरात येणाऱ्या सिनेमाची मात्र आपण चौकशी करीत नाही. कोणी दिला, लावला. आज त्या निवडीबद्दल बोलू, आणि ते तबकडीपासून सुरू करू. तबकडी म्हणजे आपण सरसकट जिला सीडी म्हणतो ती.

तबकडीचे दिवस गेले, मग आता कशाला?

कोणी म्हणेल, आता सगळे मोबाईलवर आहे, तबकडी घेऊन काय करायचे? प्रश्न रास्त आहे. आधी जत्रेत तंबूतला सिनेमा होता. मग १९८०च्या दशकात व्हिडिओ भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन चित्रपट बघायची टूम आली. त्यामागून केबल आली, व्हीसीडी आली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, आणि शेतमजुराच्या घरीही सिनेमाची तबकडी विकत येऊ लागली. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. आता नव्या तबकड्या फारशा निघत नाहीत. पण ज्या निघाल्या होत्या, त्या कपाटात, माळ्यावर, जुन्या बाजारात आणि बंद पडलेल्या दुकानांच्या खोक्यांत अजून पडून आहेत, आणि कवडीमोलाने मिळतात.

तबकडीत एक गुण आहे, जो मोबाईलमध्ये नाही. तबकडी संपते. चित्रपट संपला की पडदा निळा होतो आणि माणसे उठून झोपायला जातात. मोबाईल संपत नाही. एक झाले की तो दुसरे आपणहून पुढे करतो, आणि पुढे काय यायचे ते घरातले कोणी ठरवीत नाही. तबकडी आपण निवडतो, आपण लावतो, ती सगळे मिळून बघतात. तिला नेट लागत नाही, महिन्याचे पैसे भरावे लागत नाहीत, आणि रेंज गेली म्हणून ती अडत नाही. म्हणून ज्यांच्याकडे जुनी डीव्हीडीची पेटी चालू आहे, त्यांनी ती भंगारात घालू नये. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी पुढचे सारे मोबाईलला आणि पेनड्राइव्हला लावून वाचावे. निवडीचा विचार तोच आहे.

वेष्टन वाचायला शिका

जुन्या बाजारात खोके उपसताना पहिली गोष्ट बघा ती तबकडीची पाठ. कारखान्यात ठशाने काढलेल्या तबकडीची पाठ चंदेरी असते. पाठ जांभळी, निळसर किंवा हिरवट दिसली, तर ती संगणकावर भरलेली नक्कल समजावी. तिच्यात रंगाचा एक थर असतो, त्यावर प्रकाशाने खुणा उमटवलेल्या असतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो थर लवकर खराब होतो. चंदेरी तबकडी नीट ठेवली तर पुष्कळ वर्षे टिकते.

दुसरे, ती व्हीसीडी आहे की डीव्हीडी हे पाहा. व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपासच चित्र मावते, म्हणून अडीच तासांचा सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांत येतो. जोडी पुरी आहे ना हे दुकानातच उघडून बघावे. मध्यंतरापर्यंतच सिनेमा घरी आला तर पोरे रात्रभर झोपू देणार नाहीत. डीव्हीडीत एकाच तबकडीत पूर्ण चित्रपट मावतो आणि चित्र कितीतरी स्वच्छ दिसते. एकाच डीव्हीडीवर पाच-सहा सिनेमे घातलेले असतील तर तेवढीच जागा पाचजणांत वाटलेली असते. चित्र धुरकट येणार हे ठरलेले.

तिसरे, वेष्टनावरचा बारीक मजकूर. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ अ प्रमाणे विक्रीच्या व्हिडिओवर सेन्सॉरच्या दाखल्याची प्रत, ती काढणाऱ्याचे नाव-पत्ता आणि मूळ मालकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. हा मजकूरच नसेल आणि नुसते नटनटीचे चित्र असेल, तर माल चोरीचा समजावा. चोरीच्या तबकडीत पुष्कळदा थिएटरात बसून कॅमेऱ्याने टिपलेला सिनेमा निघतो. मध्येच कोणाचे डोके आडवे जाते, कोणी शिट्टी मारतो. शिवाय वेष्टनावर एक आणि आत भलतेच, हा प्रकारही तिथेच होतो. लहान मुलांच्या सिनेमाचे वेष्टन बघून आणलेली तबकडी आजीने विश्वासाने लावावी आणि आत काय निघेल ते सांगता येऊ नये, ही जोखीम दहा-वीस रुपयांसाठी कशाला घ्यायची?

वेष्टनावर 'घरगुती वापरासाठी' असेही लिहिलेले असते. त्याचा अर्थ, ती तबकडी आपल्या घरात बघायची आहे. गणेशोत्सवात मंडळापुढे पडदा लावून गावाला दाखवायची झाली, तर मालकाची वेगळी परवानगी लागते. मंडळाच्या पोरांना हे आधीच सांगून ठेवावे.

दाखला काय सांगतो, काय सांगत नाही

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर जो कागद दिसतो, तो सेन्सॉरचा दाखला. पोरे तो पुढे ढकलतात. तुम्ही तो थांबवून वाचा. त्यावर 'यू' असेल तर सर्वांसाठी, 'ए' असेल तर फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी. १९८३ पासून 'यूए' हा मधला प्रकार आला. त्याचा अर्थ, लहान मुलांनी बघायचा की नाही ते आईबापांनी ठरवावे. २०२३ च्या कायदादुरुस्तीने या मधल्या प्रकाराचे सात वर्षांवरचे, तेरा वर्षांवरचे आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग झाले. जुन्या तबकड्यांवर अर्थातच नुसते 'यूए' दिसेल. मोबाईलवरच्या चित्रपट-मालिकांनाही २०२१ पासून अशाच वयाच्या खुणा लावायच्या असतात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्या दिसतात.

हा दाखला म्हणजे मोठ्या भोकांची चाळणी. खडे अडतात, माती जाते. रक्त किती, उघडेपणा किती, हे ती पाहते. पण नवऱ्याने बायकोच्या थोबाडीत मारली आणि सगळे हसले, काळ्या रंगाच्या पोरीची चेष्टा केली आणि सगळे हसले, हा खडा त्या चाळणीत अडतोच असे नाही. सर्वांसाठी म्हणून आलेल्या विनोदी सिनेमातही हे येते. आठ वर्षांचा पोरगा ते बघून हसायला शिकतो आणि दुसऱ्या दिवशी बहिणीवर तेच करून बघतो. ही चाळणी आपल्याला घरीच लावावी लागते.

ती लावायची कशी? बैठकीत जो सर्वांत लहान आहे, त्याच्या मापाने सिनेमा निवडावा. मोठ्यांना आपला सिनेमा पोरे झोपल्यावर बघता येतो. लहानाला मात्र बघितलेले न बघितलेले करता येत नाही. आणि शंका असेल तो सिनेमा घरातल्या एका मोठ्या माणसाने आधी एकट्याने बघून घ्यावा. दुपारच्या उन्हात बैल सावलीला बांधलेले असतात, तेवढ्या वेळात निम्मा तरी होतो.

नातवंडे आणि आजी-आजोबा

आता नावे सांगतो. लहानांपासून सुरुवात करू.

'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) हा परेश मोकाशी यांचा चित्रपट. पंढरपूरचे बहीण-भाऊ, वडील नाहीत, आईचे विणकामाचे यंत्र कर्ज थकल्याने जप्त झालेले. वडिलांनी बनवलेली सायकल विकू नये म्हणून ही पोरे कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. याला बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पोरे सायकलीसाठी बघतील, आजी पंढरपुरासाठी बघेल, आणि कर्ज म्हणजे काय हे दहा वर्षांच्या मुलाला कोणी न समजावता समजेल.

मोकाशींचाच 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) हसतखेळत सांगतो की दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा पहिला चित्रपट कसा उभा केला. घरातली चीजवस्तू विकली, बायकोने तांत्रिक कामात हात घातला, पोरगा नट झाला. एखाद्या वेड्या उद्योगात अख्खे घर कसे उभे राहते, ते यात दिसते.

'वळू' (२००८) हा उमेश कुलकर्णींचा चित्रपट म्हणजे गावात मोकाट फिरणारा वळू आणि त्याला पकडायला आलेला वनखात्याचा साहेब. गावातली माणसे ओळखीची वाटतील. त्याच वर्षीचा मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या' मात्र जपून लावावा. बिबट्यासाठी लावलेल्या सापळ्यात बैलाचा पाय मोडतो, पेरणी तोंडावर आलेली, बाप बैल कसायाला विकायला निघतो आणि सात वर्षांचा पोरगा आडवा येतो. शेजारची आजी आजारी आहे तर तिला औषध देता, मग बैलाला का नाही, असे तो विचारतो. ज्या घरी बैल विकण्याची वेळ नुकतीच आली असेल, तिथे हा लगेच लावू नये. बाकी घरांनी सगळ्यांनी मिळून बघावा आणि पोराच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायची तयारी ठेवावी.

कानाने कमी ऐकणारे आजोबा आणि अजून नीट वाचता न येणारी नात यांची जोडी असेल तर चार्ली चॅप्लिनचा 'द किड' (१९२१) शोधा. मुका सिनेमा, जेमतेम तासाभराचा. शब्द लागतच नाहीत. शंभर वर्षे झाली तरी दोघेही एकाच जागी हसतात.

आजीसाठी प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि दामले-फत्तेलालांचे दिग्दर्शन. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला होता. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३) हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. पोरे सुरुवातीला काळ्या-पांढऱ्या चित्राला नाक मुरडतात. त्यांना दहा मिनिटे बसवा. मग श्यामच त्यांना धरून ठेवतो.

निखळ हसायचे असेल तर प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. एकटा माणूस, बावन्न पात्रे, आणि बोली आपल्या मराठवाड्याची. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई आले, पुरुषोत्तमपुरीचे दर्शन झाले, जेवणे आटोपली की ही तबकडी लावावी. जावयासमोर मान खाली घालायला लावणारा एक विनोद त्यात नाही.

मालिकेचा हिशेब

ऊसतोडीच्या घरांना मी मालिकेचा संच सुचवीन, आणि त्याला हिशेब आहे. रामानंद सागरांचे 'रामायण' १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर आले, भाग ७८. बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' १९८८ ते १९९० या काळात, भाग ९४. रोज संध्याकाळी एकच भाग लावला तर ७८ अधिक ९४ म्हणजे १७२ संध्याकाळी. दिवाळीत सुरुवात करा. उसाचे फड संपून माणसे घरी यायला लागतील तेव्हा युद्ध संपत आलेले असेल. जवळजवळ अख्खा गळीत हंगाम निघतो. रोज पाऊण तास, मग संच बंद. पोरांना उद्याची ओढ राहते आणि अभ्यासाचा वेळही वाचतो. द्यूत आणि द्रौपदीची विटंबना या भागांत आजीने जवळ बसावे. पोरे विचारतीलच की भरसभेत एवढे मोठे लोक गप्प का बसले. उत्तर सोपे नाही, पण प्रश्न चांगला आहे.

मोठा संच मिळाला नाही तर शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' घ्या. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, प्रत्येक भाग लहान, आणि त्यातला स्वामी हा शाळकरी पोरगा आपल्याच गल्लीतला वाटतो.

शेतीवरचे चित्रपट

शेतकऱ्याच्या घरी शेतीवरचा सिनेमा बघावा का? पोट भरून घाम गाळल्यावर पुन्हा पडद्यावर तेच कशाला, असे पुष्कळजण म्हणतात. माझे मत वेगळे आहे. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) बघा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले आणि त्या पैशांवर हा चित्रपट निघाला. गावात दूध सोसायटी उभी राहताना खासगी डेअरीवाला काय करतो, जातीपातीचे राजकारण कसे मध्ये येते, फॅट मोजण्यात कोण कोणाला फसवते, हे सारे यात आहे. ज्यांच्या दारात दोन म्हशी आहेत, त्यांनी हा बघितलाच पाहिजे. साखर कारखान्याच्या मुलखात जब्बार पटेलांचा 'सामना' (१९७४) तर आपलाच. साखरसम्राट हिंदुराव आणि दारूत बुडालेला एक मास्तर. नाहीशा झालेल्या एका माणसाची चौकशी तो मास्तर सोडत नाही. हा मोठ्यांचा चित्रपट आहे, पोरे झोपल्यावरचा.

आता एक नाव जरा थांबून सांगतो. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). विदर्भातला कापूस उत्पादक किसना. गावात एका शेतकऱ्याने जीव दिलेला, म्हणून किसनाच्या बायकोच्या मनात भीती बसते. ती लहान पोराला बापाच्या पाळतीवर ठेवते, त्याला गोडाधोडाचे करून घालते. बीड जिल्ह्यात ही भीती काय असते हे कोणी कोणाला सांगायला नको. चित्रपट उत्तम आहे. पण ज्या घरात यंदा पीक गेले आहे, कर्जाची नोटीस आली आहे आणि कर्ता माणूस बोलेनासा झाला आहे, त्या घरात ही तबकडी लावू नका. अशा माणसाला सिनेमा दाखवून काही होत नसते. त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा, एकटा सोडू नका. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते, आणि घरच्यांनीही लावायला हरकत नाही. इतर घरांत मात्र मोठ्यांनी हा चित्रपट जरूर बघावा, कारण शेजारच्या घरात काय चालले असेल ते ओळखायची नजर त्याने येते.

लेकीसाठी निवडताना

तेरा-चौदा वर्षांची नात घरी आहे, आईबाप फडावर आहेत. आजी म्हणते, हिला सिनेमेच दाखवू नका, डोके बिघडते. 'सैराट' (२०१६) आला तेव्हा हे वाक्य घरोघर ऐकू आले. नागराज मंजुळे यांच्या त्या सिनेमातली गाणी पोरींना पाठ असतात, शेवट मात्र कोणी बोलत नाही. पळून गेलेल्या पोरीला आणि तिच्या नवऱ्याला तिच्याच माहेरचे मारून टाकतात, हा शेवट आहे. लहानांपुढे तो लावू नये. पण मोठ्या मुलीने तो मैत्रिणीच्या मोबाईलवर तुकड्या-तुकड्यांनी बघण्यापेक्षा मावशी-काकूबरोबर पूर्ण बघितलेला बरा. बघितल्यावर बोला. "पुन्हा असले बघू नको" एवढेच म्हणालात, तर ती पुढचे तुमच्याशी बोलणार नाही.

आणि नुसती भीती दाखवून थांबू नये, बळही द्यावे. नितेश तिवारी यांचा 'दंगल' (२०१६) हा हरियाणातल्या फोगाट बहिणींचा हिंदी चित्रपट सहज मिळतो. बाप कडक आहे, पोरींचे केस कापतो, पहाटे पळवतो. त्याचे सगळेच बरोबर असे समजू नये, त्यावरही घरात वाद घालावा. पण त्यात एक प्रसंग आहे. या बहिणींच्या मैत्रिणीचे चौदाव्या वर्षी लग्न होते, आणि नवरीच्या वेषातली ती पोर सांगते की तुमचा बाप निदान तुमचा विचार तरी करतो. आपल्याकडे जोडप्याला मिळून एक कोयता धरतात, उचल त्यावर मिळते, म्हणून कित्येक पोरींचे हात लवकर पिवळे केले जातात. हा प्रसंग आजीने नातीजवळ बसून बघावा. कायद्याने मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस हवे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक असलेली गोष्ट घरात मोठ्याने बोलली जावी, एवढ्यासाठी कधी कधी सिनेमा उपयोगी पडतो. जिच्यावर तशी वेळ आली असेल, तिने किंवा तिच्यासाठी कोणीही १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन करावा.

विकत घेताना आणि जपताना

जुनी तबकडी दुकानातच लावून बघावी, आणि सुरुवात बघू नये, शेवटची दहा मिनिटे बघावी. तबकडी आतून बाहेरच्या बाजूला वाचली जाते; म्हणजे सिनेमाचा शेवट बाहेरच्या काठाकडे असतो, आणि बोटे, ओरखडे बहुधा तिथेच लागतात. शेवट नीट चालला तर बाकीचे बहुतेक चालते. मग तबकडी उजेडापुढे धरा. आरपार टाचणीएवढी भोके दिसली किंवा मधल्या कड्याला तडा दिसला तर घेऊ नका.

धरताना काठाने धरावी. पुसायची झाली तर मऊ ओल्या सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसावी, तव्यासारखी गोल गोल घासू नये. नाव लिहायला बॉलपेन वापरू नये. व्हीसीडीचा सारा मजकूर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, टोक रुतले की तो गेला. पत्र्याखाली, उन्हात, चुलीजवळ ठेवू नये. पेटीवर धुळीसाठी फडके असावे, पण पेटी चालू असताना ते काढावे, नाहीतर ती तापते. वीज जाऊन दणक्याने परत येते तेव्हा पेटी जळते. वीज गेली की आधी बटण बंद करायची सवय पोरांना लावा. नवा टीव्ही घेणार असाल तर त्याला जुन्या पेटीच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना जोडायची सोय आहे का, ते दुकानात विचारून घ्या.

याच ओघात एक काम आजच करा. घरच्या लग्नाची, बारशाची, आजोबांच्या पंच्याहत्तरीची तबकडी कपाटात असेल. ती फोटोग्राफरने भरून दिलेली, जांभळ्या पाठीची. वर सांगितल्याप्रमाणे ती दरवर्षी थोडी थोडी मरते आहे. सिनेमा गेला तर दुसरीकडे मिळेल, पण गेलेल्या माणसाचा चालता-बोलता चेहरा दुसरीकडे मिळणार नाही. तालुक्याच्या गावी संगणकाच्या दुकानात ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि एक प्रत लेकीच्या घरीही ठेवा.

बैठक कशी बसवावी

आठवड्यातून एक दिवस ठरवा. अमावास्येला बैलांना विसावा असतो. काही घरे तो दिवस धरतील, काही रविवार धरतील. ज्या आठवड्यात पिकाला रात्रीचे पाणी आहे, तो आठवडा सोडा. भांडी झाल्यावरच सिनेमा सुरू व्हावा, नाहीतर घरातली बाई नेहमी अर्धाच सिनेमा बघते. मध्येच चहा हवा असेल तर नातवाने उठावे. दर वेळी नातीलाच उठवले तर पडद्यावरचा 'दंगल' वाया गेला. आणि मोबाईल तेवढा वेळ फडताळात ठेवावे, आजोबांचाही.

एक वही करा. सिनेमाचे नाव, तारीख आणि प्रत्येकाचे एक वाक्य. कोणाला काय आवडले, काय खटकले ते लिहून ठेवा. पुढची तबकडी निवडताना ती वही काढा आणि या वेळी नातीला निवडू द्या, पुढच्या वेळी आजीला.

आईबाप तोडीला गेलेल्या घरांनी आणखी एक करावे. रात्री फडावरच्या कोपीत आईचा फोन लागतो तेव्हा "जेवलास का, अभ्यास केलास का" यापुढे बोलणे जात नाही. त्या दिवशी बघितलेली गोष्ट पोराला फोनवर सांगू द्या. आई दिवसभर मोळ्या बांधून थकलेली असेल. तिला दहा मिनिटे लेकराच्या तोंडून गोष्ट ऐकू द्या. काय चुकले, कोण बरोबर, हे ती तिकडून विचारील, आणि पुढच्या आठवड्याची तबकडी कोणती लावायची हेही तिलाच ठरवू द्या.

तुमच्या घरात गेल्या वर्षी कोणत्या सिनेमावर सर्वांत जास्त वाद झाला, ते पोस्टकार्डावर जरूर कळवा.